दोनशे पंधराची आरती पुरे!

बर्फावरच्या हॉकीची गोष्ट निघावी, आजवरच्या सर्व खेळाडूंत कोणाचा कोणता हंगाम सर्वांत थोर असा प्रश्न कोणी टाकावा, की एक गृहस्थ हमखास पुढे सरसावतो, मांडीवर थाप मारतो आणि म्हणतो, "२१५!" एवढा एकच आकडा. मग तो चहाचा पेला उचलतो आणि वाद संपला अशा थाटात इतरांकडे पाहतो. आश्चर्य याचे, की इतरही माना डोलावतात. मला या माना डोलावण्याचा भयंकर राग आहे. आकडा मोठा म्हणून माणूस मोठा, हे गणित मी गेली कित्येक वर्षे शाळेत मोडून काढायला पाहतो आहे. ते बर्फावरही मी चालू देणार नाही.

वाचक म्हणतील, मास्तर, तुमचा आणि बर्फाचा संबंध काय? संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता, हे मला मान्य आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा शाळामास्तरकीचा आणि खोड कादंबऱ्या लिहिण्याची. पण माझे दोनतीन जुने विद्यार्थी कॅनडात पोटापाण्याला गेले, तिथल्या हिवाळ्यात या खेळाच्या नादी लागले आणि त्यांनी तो नाद मलाही लावला. तेव्हापासून जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहणे आणि आकड्यांचे तक्ते वाचणे हा माझा सुटीचा उद्योग आहे. त्या जोरावर मी हे भांडण मांडतो आहे. भांडण ज्याच्याशी आहे तो खेळाडू मात्र नव्हे. त्याच्या भक्तांशी आहे.

फराळाच्या ताटाशी बसलेल्या ज्या मंडळींनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी चार ओळी. बंदिस्त बर्फाचे मैदान, दोन्ही बाजूंना सहा-सहा खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे. पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची कडक चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. गोल करणाऱ्याला एक गुण, आणि ज्यांनी चकती पुरवली अशा जास्तीत जास्त दोघांना साहाय्याचा एकेक गुण. गोल आणि साहाय्य यांची बेरीज म्हणजे खेळाडूचे हंगामातले गुण. अमेरिका आणि कॅनडा मिळून जी 'नॅशनल हॉकी लीग' चालते, ती या धंदेवाईक खेळाची पंढरी. एका हंगामात प्रत्येक संघ ऐंशीच्या आसपास सामने खेळतो, आणि मग निवडक संघांत 'स्टॅनली कप'साठी झुंज लागते. एवढे पुरे.

आता प्रथम प्रतिपक्षाची बाजू मांडतो, आणि ती कंजूषपणे मांडणार नाही. वेन ग्रेट्स्की हा एडमंटनचा खेळाडू. १९८१-८२ च्या हंगामात, वयाची एकविशी पुरती गाठण्याच्या सुमारास, त्याने ८० सामन्यांत ९२ गोल केले आणि १२० साहाय्ये दिली, एकूण २१२. त्याआधी एका हंगामातल्या गोलांचा उच्चांक ७६ होता, तो त्याने सोळांनी मागे टाकला. ५० सामन्यांत ५० गोल ही त्या खेळातली जुनी पुण्याई. याने ५० गोल ३९ सामन्यांतच पुरे केले, आणि त्या एकोणचाळिसाव्या सामन्यात एकट्याने पाच मारले. १९८३-८४ मध्ये सलग ५१ सामने असे गेले की एकाही सामन्यात त्याच्या नावावर गुण नाही असे झाले नाही. आणि १९८५-८६ मध्ये ५२ गोल आणि १६३ साहाय्ये, म्हणजे आपले ते प्रसिद्ध २१५. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर मारिओ लेम्यू होता, १४१ गुणांवर. ग्रेट्स्कीचे सारे गोल खोडून टाकले, नुसती साहाय्ये धरली, तरी तो पहिलाच येतो! हा उच्चांक आजही अबाधित आहे. या माणसाला मी लहान म्हणत नाही. त्याला लहान म्हणणाऱ्याची परीक्षा मी पहिल्या प्रश्नालाच थांबवीन.

माझे म्हणणे एवढेच, की २१५ हा आकडा ज्या पाटीवर लिहिला आहे ती पाटीही पाहा.

या लीगच्या पहिल्याच हंगामात, १९१७-१८ मध्ये, ज्यो मलोन नावाच्या खेळाडूने २० सामन्यांत ४४ गोल केले. सामन्यामागे दोनाहून जास्त! ग्रेट्स्कीचे ९२ गोल ८० सामन्यांत; सरासरीने तो मलोनच्या जवळपासही जात नाही. मग मलोनची आरती का होत नाही? कारण तेव्हाची लीग वेगळी, खेळण्याची रीत वेगळी, हे प्रत्येकाला कळते. १९२८-२९ मध्ये मॉन्ट्रिअलचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ सामन्यांपैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. निम्मे सामने कोरे! पण त्या काळी आक्रमणाच्या भागात चकती पुढे ढकलून साथीदाराला देण्याची मुभाच नव्हती. सामन्यामागे दोन्ही संघांचे मिळून तीन गोलही पडत नसत. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि गोलांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. हेन्सवर्थ तोच, काठी तीच, बर्फ तोच, पाटी बदलली. १९४४-४५ मध्ये मोरिस रिशारने ५० सामन्यांत ५० गोल केले तेव्हा कितीतरी खेळाडू महायुद्धावर गेलेले होते. आणि ग्रेट्स्कीच्या बहराच्या वर्षांत सामन्यामागे आठाच्या आसपास गोल पडत होते. १९९८-९९ मध्ये ते सव्वापाचावर उतरले होते. त्या दुष्काळात यारोमीर यागरने १२७ गुण मिळवले आणि दुसरा १०७ वर राहिला. सुकाळातल्या दोनशेची आणि दुष्काळातल्या सव्वाशेची तुलना नुसती मोठा-लहान पाहून करणारा माणूस पावसाचे मोजमाप न पाहता शेतकऱ्यांची पिके तोलतो.

हे आपल्याला क्रिकेटात चांगले समजते. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. आपल्याला त्यांचा अभिमान आहे आणि असावाही. पण ब्रॅडमनने कसोटीत एवढ्या कधी केल्या नाहीत, सबब निंबाळकर मोठे, असे खुद्द कोल्हापुरातही कोणी म्हणत नाही. ब्रॅडमन मोठा ठरतो तो ९९.९४ या सरासरीच्या आकाराने नव्हे. त्याच काळात, तशाच खेळपट्ट्यांवर खेळणारे नामांकित फलंदाज साठाच्या घरात थांबले आणि हा एकटा शंभराच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला, म्हणून. थोरवी मोजायची ती बरोबरच्यांपासूनच्या अंतराने. तो आकडा कोणत्याही काळात नेला तरी त्याचा अर्थ आटत नाही.

इथे दुसरा एक पंथ उठतो, हिशेबनीसांचा. ते म्हणतात, सोपे आहे. प्रत्येक काळाच्या सरासरीने भागा आणि सर्वांना एका पट्टीवर आणा. मग ते ग्रेट्स्कीचे दीडशे करतात, दुसऱ्या कोणाचे पावणेदोनशे करतात आणि कधीच न झालेल्या हंगामांची यादी छापतात. मला हेही नामंजूर आहे. न मारलेले गोल मी कोणाच्या नावावर जमा करणार नाही, मारलेले वजाही करणार नाही. भागाकाराने माणूस एका काळातून उचलून दुसऱ्या काळात ठेवता येत नाही. त्याच्या काळी, त्याच्या कामात, त्याच्या जोडीचे लोक काय करत होते, एवढेच विचारता येते. आणि 'त्याच्या कामात' या दोन शब्दांवर माझा सारा खटला उभा आहे.

कारण सर्वांत थोर हंगाम कोणाचा, याला माझे उत्तर आहे: बोस्टनचा बॉबी ऑर, १९७०-७१.

ऑर बचावपटू होता. ज्याने मागे उभे राहायचे, आपल्या गोलाची राखण करायची, चकती आली की पुढच्यांच्या हवाली करायची आणि पुन्हा दाराशी येऊन बसायचे, असा वाड्याचा रखवालदार. त्याच्या आधी कोणत्याही बचावपटूने एका हंगामात साठ गुण पाहिले नव्हते. १९६४-६५ मध्ये शिकागोच्या पियर पिलोटने ५९ केले तो कळस समजला जाई. ऑरने १९६८-६९ मध्ये ६४ केले. पुढच्या वर्षी १२०. आणि १९७०-७१ मध्ये ३७ गोल, १०२ साहाय्ये, एकूण १३९. त्या वर्षी त्याच्या खालोखालचा बचावपटू होता मॉन्ट्रिअलचा जे. सी. ट्रेम्ब्ले, चांगला नाणावलेला खेळाडू. त्याचे गुण ६३. आता अंतर मोजा. २१५ च्या वर्षी ग्रेट्स्की दुसऱ्याच्या दीडपट होता. १९८३-८४ मध्ये त्याचे २०५ आणि दुसऱ्याचे १२६; दीडपटीहून थोडा वर. ऑर आपल्या जोडीदारांच्या दुपटीहूनही पुढे. दुसरा माणूस दृष्टीच्या टप्प्यात नाही.

कोणी म्हणेल, बचावपटूंचा वर्ग लहान. लहान वर्गात पहिला येण्यात काय मोठेपणा? प्रश्न रास्त आहे. तुकडी 'ब'मधला पहिला आणि शाळेतला पहिला यांत फरक असतो हे मास्तराला कोणी सांगायला नको. पण हा मुलगा तुकडी 'ब'मध्ये पहिला आलाच, शिवाय साऱ्या शाळेत दुसरा आला, आणि आदल्या वर्षी तर साऱ्या शाळेत पहिला होता! १९६९-७० मध्ये सबंध लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे होते. बचावपटू असून हा मान मिळवणारा त्याच्याआधी कोणी नव्हता, आणि त्याच्यानंतरही कोणी झालेला नाही. त्यानेच तो १९७४-७५ मध्ये पुन्हा एकदा मिळवला.

शिवाय गुण ही त्याची एकच प्रश्नपत्रिका. दुसरी प्रश्नपत्रिका राखणीची. या खेळात एक हिशेब ठेवतात: खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, यांची वजाबाकी. समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसला असता, जास्त माणसांच्या बळावर केलेले गोल त्यात धरत नाहीत. ७८ सामन्यांच्या त्या हंगामात ऑरची ही शिल्लक होती १२४. आजही तो उच्चांक आहे. ग्रेट्स्कीची सर्वोत्तम शिल्लक शंभराच्या आसपास. मॉन्ट्रिअलचा लॅरी रॉबिन्सन १९७६-७७ मध्ये १२० पर्यंत आला, हे मी लपवत नाही. पण त्याने त्या वर्षी गुणांत शाळेत दुसरा क्रमांक मिळवला नव्हता. घर राखणारा आणि मुलूख मारणारा असा एकच माणूस, एकाच वर्षी, दोन्ही कामांत इतक्या उंचीवर, याला दुसरे उदाहरण मला दाखवा.

दाखवतात. पॉल कॉफी दाखवतात. हाही बचावपटू, ग्रेट्स्कीचाच साथीदार. १९८५-८६ मध्ये त्याने ४८ गोल आणि १३८ गुण केले, ऑरपेक्षा एकच कमी. पण त्या वर्षी लीगमध्ये सामन्यामागे जवळजवळ आठ गोल पडत होते, ऑरच्या वर्षी सव्वासहा; आणि कॉफीच्या खालोखालचे बचावपटू ८२ वर होते. शिवाय बचावपटूने चकती घेऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे, यात वावगे काही नाही, हे कॉफीच्या वेळेपर्यंत सर्वांना ठाऊक झाले होते. ते कोणी ठाऊक केले? मळलेल्या वाटेवरून वेगाने धावणे मोठेच. पण ज्याने झुडपे तोडली त्याच्या हाताचे फोड पाहा.

आता उरलेले आक्षेप झटपट निकालात काढतो. म्हणतात, त्या वर्षी त्याच्याच संघातल्या फिल एस्पोसिटोने ७६ गोलांसह १५२ गुण मिळवले, मग ऑर पहिला कसा? एस्पोसिटो गोलाच्या तोंडाशी उभा राहणारा. तिथवर चकती आणण्याचे काम कोण करत होता, हे कोणतीही चित्रफीत सांगेल. म्हणतात, १९६७ मध्ये सहा संघांची लीग बारांची झाली, १९७० मध्ये चौदांची, दुबळे संघ शिरले, म्हणून आकडे फुगले. मग ते दुबळे संघ काय फक्त ऑरशीच खेळायला येत होते? ट्रेम्ब्लेही त्यांच्याशीच खेळला आणि ६३ वर थांबला. म्हणतात, एवढे करून बोस्टनने त्या वर्षी कप कुठे जिंकला? खरे आहे. ५७ सामने जिंकून, ३९९ गोल करून बोस्टन पहिल्याच फेरीत मॉन्ट्रिअलकडून हरले. समोर केन ड्रायडन नावाचा पोरगेला गोलरक्षक होता, ज्याने तोवर लीगचे अवघे सहा सामने खेळले होते. पण मग २१२ च्या वर्षी एडमंटन पहिल्या फेरीत लॉस एंजेलिसकडून हरले, आणि २१५ च्या वर्षी दुसऱ्या फेरीत कॅलगरीकडून. कपाने हंगाम मोजायचा तर सगळेच नापास. ती परीक्षा संघाची. तिचा निकाल एका माणसाच्या प्रगतिपुस्तकावर चिकटवू नये.

एकच प्रतिस्पर्धी असा आहे की त्याच्यापुढे माझा आवाज खाली येतो. मारिओ लेम्यू, पिट्सबर्ग, १९९२-९३. हंगाम ऐन भरात असता जानेवारीत निदान झाले, हॉजकिन्सचा कर्करोग. क्ष-किरणांचे उपचार सुरू झाले. २ मार्च १९९३ रोजी त्याने शेवटचा उपचार घेतला आणि त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियाला जाऊन तो खेळला. एक गोल केला, एक साहाय्य दिले. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक पाहुण्यांना शिव्या घालण्यात नावाजलेले. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो परतला तेव्हा बफेलोचा पॅट लाफाँटेन गुणांत त्याच्या बारा पुढे होता. हंगाम संपला तेव्हा लेम्यू बारा पुढे होता: ८४ पैकी ६० सामन्यांत १६० गुण. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकांनी 'अतिरंजित' असा शेरा मारून हस्तलिखित परत पाठवले असते. धैर्याचा हंगाम विचाराल तर मी डोळे मिटून हेच नाव सांगेन. पण प्रश्न वर्चस्वाचा आहे. आणि तिथेही सामन्यामागचे गुण काढले तर तो दुसऱ्याच्या दीडपट भरतो. सहानुभूतीचे गुण त्याला लागत नाहीत आणि मी देऊन त्याचा अपमान करणार नाही.

कोणी विचारील, मास्तर, इतका जीव का काढता? परक्या देशातला खेळ, अर्ध्या शतकामागचा हंगाम. २१५ म्हटले काय आणि १३९ म्हटले काय, आमच्या चकलीचा काटा मोडत नाही.

जीव काढतो, कारण या वादात एका माणसाचा न्याय अडकला आहे. ऑरचे गुडघे लवकर गेले. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. १९७४-७५ नंतर त्याला एकही धड हंगाम खेळता आला नाही, आणि १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने काठी खाली ठेवली. एकूण ६५७ सामने. ग्रेट्स्की वीस हंगाम खेळला. कारकिर्दीच्या बेरजेचा कोणताही तक्ता काढा, त्यात ऑर खाली कुठेतरी सापडेल. ८९४ गोलांचा ग्रेट्स्कीचा उच्चांक २०२५ मध्ये अलेक्झांडर ओवेच्किनने मोडला तेव्हा जगभर जल्लोष झाला, आणि तो योग्यच होता. पण त्या शर्यतीत लवकर थकलेल्या गुडघ्यांना जागाच नव्हती. बेरजेचे दरबार दीर्घायुषी लोकांचे असतात. ज्याला थोडीच वर्षे मिळाली, त्याला दाद मागायला एकच कचेरी उरते: एका हंगामाची. आणि तिथेही आपण मोठ्या बेरजेचीच मोहोर पाहून निकाल देणार असू, तर ती कचेरीही बंद करावी.

आणि दुसरे कारण माझ्या धंद्याचे. दर वर्षी निकालाच्या दिवशी मी पालकांना पाहतो. बोट सरळ शेवटच्या रकान्यावर जाते, एकूण किती? कोणत्या पोराने कोणते काम अंगावर घेऊन ते गुण मिळवले, हे विचारणारा पालक शंभरात एखादा. गोल मारणाऱ्याचा गोल दिसतो, दाराशी अडवलेला गोल कुणाला दिसत नाही. बफेलोच्या डॉमिनिक हाशेकने १९९७-९८ मध्ये १३ सामने कोरे ठेवले, अंगावर आलेल्या शंभर फटक्यांतले त्र्याण्णव अडवले आणि सलग दुसऱ्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. तरी थोर हंगामांच्या गप्पांत त्याचे नाव शेवटी, उपचार म्हणून येते. न झालेल्या गोष्टींचा रकाना आपल्या प्रगतिपुस्तकात नाही, आपल्या घरात नाही, आणि मला वाटते आपल्या डोळ्यांतही नाही.

तेव्हा यापुढे कोणी मांडीवर थाप मारून "२१५!" म्हणाला, तर माना डोलावू नका. त्याला नम्रपणे दोन प्रश्न विचारा: त्याच कामात त्याच्या जोडीचा माणूस किती मागे होता? आणि ते काम करताना आणखी कोणते काम त्याच्या गळ्यात होते? उत्तर देताना तो ग्रेट्स्कीचेच नाव घेईल, तर त्याच्याशी खुशाल वाद घाला. त्याच्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण तो नुसता आकडाच पुन्हा म्हणाला, तर त्याच्यापुढे करंज्यांचे ताट सरकवा आणि विषय बदला. माझ्यापुरता निकाल लागलेला आहे. बॉबी ऑर, १९७०-७१. एकूण गुण १३९, क्रमांक पहिला. ज्याला हा निकाल मान्य नसेल त्याने फेरतपासणीचा अर्ज करावा. उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे.